भांडण झालं तर साक्ष कोण देणार? छापखान्यात आठ महिने सगळी मेसेजिंग अ‍ॅप वापरल्यावर

नागपूरच्या महाल भागात आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांच्या पावत्या, शाळेच्या डायऱ्या, आणि हंगाम आला की निवडणुकीची पत्रकं. बाबांच्या काळात मॅटर कागदावर यायचं, प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, गिऱ्हाईक पेनाने सही करायचं आणि मगच मशीन सुरू व्हायची. आता मॅटर सहा दिशांनी येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर, मेलवर, साध्या मेसेजवर, टेलिग्रामवर. एक डॉक्टरीणबाई तर सिग्नल नावाच्या अ‍ॅपशिवाय बोलतच नाहीत. जून 2025 मध्ये मी ऑर्डरच्या रजिस्टरात एक रकाना वाढवला, ‘कुठून आलं’, आणि त्याच्या शेजारी दुसरा, ‘काय घोळ झाला’. खाली जे लिहितोय ते बहुतेक दुसऱ्या रकान्यातलं आहे.

कोणतं अ‍ॅप देखणं, कुणाचे स्टिकर छान, ते इथे मिळणार नाही. माझ्याकडे पट्टी एकच: भांडण झालं तर हे माध्यम साक्षीला उभं राहतं का?

आणि भांडण झालंच. नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न आटोपून पत्रिकांची झुंबड उडाली होती तेव्हा. मानेवाड्याचं कुटुंब, 500 पत्रिका. नवरीच्या वडिलांनी सगळं मॅटर व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवलं. मी लगेच कॉपी करून कॉम्प्युटरवर घेतलं आणि पोट्ट्याला डिझाइनला बसवलं. संध्याकाळी प्रूफचा फोटो त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली कुणीतरी अंगठा दिला. तो नवरीचा मामा होता हे नंतर कळलं. अंगठा आला, प्लेट निघाली, छपाई झाली. न्यायला आले तेव्हा गठ्ठ्यावरची पहिलीच पत्रिका वाचून काका थांबले. "मुहूर्त तर सकाळचा सांगितला होता ना भाऊ, तुम्ही संध्याकाळचा छापून बसले." मोबाइल काढून दाखवला. मेसेजमध्ये स्वच्छ लिहिलेलं, सकाळी 11 वाजून 40 मिनिटे. मी माझा काढला. माझ्याकडेही तेच! दोन मिनिटं वाटलं, आपलंच डोकं फिरलं. मग मेसेजच्या कोपऱ्यात, वेळेच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात ‘एडिटेड’ दिसलं.

पाठवलेला मेसेज 15 मिनिटांच्या आत बदलायची सोय व्हॉट्सअ‍ॅपने मे 2023 मध्ये दिली. बदलला की समोरच्याकडे पुन्हा घंटी वाजत नाही, आणि आधी काय लिहिलं होतं ते कुणालाच दिसत नाही. गुरुजींचा फोन आला, काकांनी मुहूर्त दुरुस्त केला, त्यांच्या हिशेबी निरोप पोचला. मी कॉपी केलं होतं त्याच्या आधीच. दोघंही खरं बोलत होतो. प्रूफमध्ये संध्याकाळच होती म्हणा, पण मामांनी त्यात फक्त गणपती पाहिला होता. शेवटी कागद माझा, छपाई त्यांची, असं मिटलं.

तरी व्हॉट्सअ‍ॅप सोडता येत नाही. दहातली सात-आठ कामं त्याच्यावरूनच येतात. ज्यांना मेलचा पासवर्ड आठवत नाही, ते 70 वर्षांचे आजोबाही नातीच्या बारशाचा फोटो बरोबर पाठवतात. बिझनेसवालं अ‍ॅप फुकट आहे, त्यात गिऱ्हाइकांना लेबल लावता येतं: ‘प्रूफ गेलं’, ‘पैसे बाकी’. हे दुसरं लेबल माझं सगळ्यात भरलेलं. पण फोटोंचा छळ कायम आहे. पाच बाय सात इंचाची पत्रिका 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, नीट छापायची तर 1500 बाय 2100 पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅप साधा फोटो दाबून लांब बाजू साधारण 1600 वर आणून ठेवतं. मोबाइलवर गोंडस दिसतो, आर्टपेपरवर कुलदैवताच्या चेहऱ्याला देवी आल्यासारखा. एचडीचं बटण आल्यापासून थोडं बरं आहे, पण मी प्रत्येकाला एकच पाठ देतो: फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून टाका. डॉक्युमेंट जसंच्या तसं येतं, 2 जीबीपर्यंत. अर्धे लोक मान डोलावतात आणि परत फोटोच टाकतात.

मजकुराचाही एक घोळ आहे, तो छापखानेवाल्यांनाच कळेल. मोबाइलवरचं मराठी युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत असतं आणि आमचं कोरल, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, अजून जुन्या श्रीलिपी फाँटवर चालतं. मधे कन्व्हर्टर लावला की ‘दुसऱ्या’मधला ऱ्या हमखास मोडतो. त्यामुळे कॉपी-पेस्ट करूनही प्रत्येक ओळ वाचावीच लागते. त्यातल्या त्यात व्हॉइस नोट नकोच. उमरेडहून एकांनी ‘आपले विनीत’ची 22 नावं चार मिनिटांच्या नोटमध्ये बोलून पाठवली, मागे पंखा घरघरतोय. बोकडे की बोपडे, हे ऐकायला आम्ही तिघं मोबाइलला कान लावून बसलो होतो.

मेलबद्दल मात्र माझं मत या आठ महिन्यांत पार उलटलं. मी त्याला म्हाताऱ्यांचं, सरकारी लोकांचं समजत होतो. रे टॉमलिन्सन यांनी पहिला मेल पाठवला 1971 मध्ये, आज ज्या एसएमटीपी नियमांवर मेल चालतो ते 1982 चे. पण एकदा गेला की गेला. पाठवणाऱ्याला माझ्याकडची प्रत बदलता येत नाही, पुसता येत नाही. जीमेलमध्ये ‘अनडू’ आहे, तेही फार तर 30 सेकंद, आणि ते म्हणजे मेल तेवढा वेळ त्यांनीच अडवून धरलेला असतो. खाली सगळी साखळी राहते: कोणतं प्रूफ, कोणती दुरुस्ती, कुणी ‘मंजूर’ म्हटलं, किती वाजता. आमचे एक गिऱ्हाईक वकील आहेत, त्यांच्या लेटरहेडच्या वेळी विषय निघाला. ते म्हणाले, 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष कायदा लागू आहे, त्यातल्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडलं तर व्हॉट्सअ‍ॅपही पुराव्यात देता येतं, मेलही. "पण मेल दाखवला तर मला कमी बोलावं लागते," असं हसून म्हणाले.

मेलची खोड म्हणजे तो कुणी उघडत नाही. मेल पाठवायचा आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मेल पाहा’ म्हणून पाठवायचं, असा दुहेरी धंदा. वर 25 एमबीची मर्यादा. त्यापेक्षा मोठी फाइल जीमेल ड्राइव्हवर टाकून फक्त लिंक पाठवतं, आणि रात्री 11 ला आपण ती उघडायला गेलो की म्हणतं, परवानगी मागा. परवानगी देणारा झोपलेला असतो. एका कॉलेजच्या स्मरणिकेचं काम याच्यात पूर्ण एक दिवस अडकलं. दुसऱ्या एका शाळेचा मेल माझ्याकडून परत गेला, कारण जीमेलच्या 15 जीबी जागेत माझ्या घरच्यांचे फोटो आणि गिऱ्हाइकांच्या फाइली एकाच कोठीत भरलेल्या. ती चूक माझी.

साध्या एसएमएसला मी जवळजवळ विसरलो होतो. 2 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, दीक्षाभूमीजवळच्या एका स्टॉलवर पुस्तिकांचे गठ्ठे पोचवायचे होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. डेटा पार झोपलेला, व्हॉट्सअ‍ॅपवर घड्याळाचं चित्र हलेना. शेवटी लिहिलं, ‘गेटजवळ उभा आहे, या’, साधा मेसेज. लगेच गेला. त्याला इंटरनेट लागत नाही, तेवढी चिमूटभर जागा त्याला मिळून जाते. भिवापूर-कुहीकडची माझी काही गिऱ्हाइकं बटणाच्या फोनवर आहेत, त्यांना ‘बिलबुक तयार आहे’ कळवायला हाच मार्ग. फक्त मराठीत लिहिताना हात आखडावा लागतो: इंग्रजीत एका मेसेजमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजतात. ‘लग्नपत्रिका’ लिहिलं की एकाच शब्दात 11 गेली.

सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम दिवाळीचा मेसेज पाठवावा म्हणून चौकशी केली तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाने आधी डीएलटीवर, म्हणजे असे घाऊक मेसेज पाठवणाऱ्यांच्या नोंदवहीत, नोंदणी, मग हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, मग मजकुराचा साचा मंजूर करून घ्या. एवढ्या कागदांत माझी तीन कामं निघाली असती. पण नियम का आहे तेही कळतं. आता मेसेज पाठवणाऱ्याच्या नावापुढे पी, एस, टी किंवा जी असं अक्षर येतं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. बँकेच्या नावाने आलेल्या मेसेजला ही शेपटी नसेल तर बाबा आता लिंक उघडत नाहीत. त्यांना शिकवायला मला एक दुपार लागली.

टेलिग्राम मी फाइलींसाठी घेतलं आणि त्या कामाला ते झकास आहे. मोबाइल बदला, कॉम्प्युटर बदला, फाइल जागेवर. कारण सगळं त्यांच्या क्लाउडवर असतं. साध्या गप्पा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे दोन टोकांच्या माणसांशिवाय कुणालाच वाचता येणार नाहीत अशा, नसतात, फक्त सीक्रेट चॅट असतात, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नाही. आणि माझ्या पट्टीवर ते सपशेल नापास आहे. दोघांच्या चॅटमध्ये समोरचा कधीही, अगदी वर्षाने, माझ्या मोबाइलमधूनसुद्धा मेसेज पुसू शकतो, मागे ‘पुसला’ एवढीही खूण राहत नाही. एका मंडळाच्या कार्यकर्त्याने दिलेली 2000 पावत्यांची ऑर्डर अशीच हवेत विरली. पावत्या अजून माळ्यावर आहेत.

सिग्नलवर कुणी मेसेज बदलला तर त्यावर दाबून जुना मजकूर पाहता येतो. माझं नोव्हेंबरातलं सगळं महाभारत तिथे एका बोटाने मिटलं असतं! पण तिथे माझी गिऱ्हाइकं आहेत दोन. ऑक्टोबरात झोहो कंपनीच्या अरट्टाई या मेसेजिंग अ‍ॅपची लाट आली तेव्हा तेही घेतलं, देशी आहे म्हणून कौतुक होतंच. तेव्हा त्यात कॉलला एन्क्रिप्शन होतं, मेसेजला नव्हतं. पंधरा दिवस सगळ्यांनी एकमेकांना ‘मी पण आलो’ पाठवलं, मग परत आपापल्या घरी. हाइक 2021 मध्ये बंद झालं, स्काइप मे 2025 मध्ये. माणसं जिथे असतात तिथेच धंदा करावा लागतो. आरसीएस म्हणजे एसएमएसचा सुधारलेला भाऊ, गूगलच्या मेसेज अ‍ॅपमध्ये आहे, पण माझ्याकडे तो आजवर कर्जाच्या जाहिरातीच घेऊन आला. फार बोलण्यासारखं नाही.

पुढचं काय? मला खटकणारी गोष्ट अशी की जीमेलवाला याहूवाल्याला मेल पाठवतो, कुठल्याही सिमवरून कुठल्याही सिमला एसएमएस जातो, मग सिग्नलवाल्या डॉक्टरीणबाईंना माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरून निरोप का जाऊ नये? युरोपात डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपसाठी दार उघडावं लागतंय. आपल्याकडे उलट, कुलूप आणखी घट्ट होतंय. 28 नोव्हेंबर 2025 ला दूरसंचार विभागाने सांगितलं की असं अ‍ॅप ज्या नंबरवर घेतलं ते सिम त्या मोबाइलमध्ये असलंच पाहिजे, आणि कॉम्प्युटरवरचं लॉगिन जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप सुटेल. कंपन्यांना 90 दिवस दिले. ऑनलाइन फसवणूक रोखायला हे आहे, आणि ती रोखायलाच हवी. पण आमच्या दुकानात व्हॉट्सअ‍ॅप वेब सकाळी 10 पासून रात्री 9 पर्यंत उघडं असतं आणि मोबाइल माझ्या खिशात. मी गांधीबागेत कागद आणायला गेलो आणि नेमकं तेव्हाच सुटलं तर पोट्टा मॅटर कुठून घेईल?

तोवर आमची पद्धत अशी: प्रूफ पीडीएफमध्ये जाईल, वर ऑर्डर नंबर मोठ्या अक्षरात. अंगठा, जोडलेले हात, फूल यातलं काही चालणार नाही. ‘ऑर्डर अमुक तपासली, छापा’ एवढं टाइप करायचं, ज्याने ऑर्डर दिली त्यानेच. मोठं काम असेल तर मेलवर. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर होकार आला की आम्ही 15 मिनिटं थांबतो, स्क्रीनशॉट काढतो, मगच प्लेट.

महानगरपालिकेचं मतदान 15 जानेवारी 2026 ला होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात रात्री साडेअकराला एका उमेदवाराचा माणूस गाडीवरच बसून, खाली न उतरता ओरडला, "होकार पाठवला ना भाऊ, आता काहून थांबून राहिले? तोपर्यंत समोरच्याचे परचे घरोघरी पोचतीन!" मी 15 मिनिटांचं समजावून सांगत होतो, तो हॉर्न वाजवत होता. बाबा आतून आले, त्याला गाडीवरून उतरवलं, खुर्ची दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा सांग त्याला. तो संपेपर्यंत होते तुझं ते पंधरा मिनिटांचं." चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. तिकडून कुणीतरी सांगत होतं, पत्रकात वॉर्डाचा नंबर चुकला.