मेट्रोफ्लेक्स जिम, आर्लिंग्टन: एसी नाही, पण रॉनी कोलमनचं लोखंड आहे

डॅलसच्या आसपास राहणाऱ्या आणि जिमचं वेड असलेल्या मराठी लोकांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. चकाचक जिम, स्मूदी काउंटर, गार टॉवेल असलं काही हवं असेल तर इथं जाऊ नका. मेट्रोफ्लेक्स म्हणजे सरळसरळ गोडाऊन आहे. एसी नाही, आणि टेक्सासचा उन्हाळा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. गंजलेल्या प्लेटी, सगळीकडे चॉकची (हाताची पकड घसरू नये म्हणून लावतात ती) पांढरी भुकटी, भिंतींवर फोटो. कोल्हापुरातल्या जुन्या तालमीतली माती काढून लोखंड भरलं तर कसं दिसेल, तसंच.

ब्रायन डॉब्सननं 1987 मध्ये ही जिम सुरू केली. पुढं मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगची जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा, आठ वेळा जिंकलेला रॉनी कोलमन तेव्हा बॉडीबिल्डर वगैरे कोणी नव्हता. लुइझियानाचा पोरगा, ग्रॅम्बलिंग स्टेटमधून अकाउंटिंगची डिग्री, तिथं फुटबॉलही खेळलेला, पण मनासारखी नोकरी मिळेना म्हणून डॉमिनोजमध्ये पिझ्झा विकत होता आणि मग 1989 मध्ये आर्लिंग्टन पोलिसात लागला. तिथल्या एका सहकाऱ्यानं त्याला या जिममध्ये पाठवलं. डॉब्सननं त्याचं अंग बघितलं आणि सांगितलं की मेंबरशिप आयुष्यभर फुकट, फक्त स्पर्धेला उतर, तयारी मी करून घेतो. 1990 ला मिस्टर टेक्सास जिंकला भाऊ, आणि त्यात खुद्द डॉब्सनलाही हरवलं. फुकट मेंबरशिपचा एवढा परतावा दुसऱ्या कुठल्या जिमवाल्याला मिळाला असेल असं वाटत नाही.

रॉनीचे व्हिडिओ बघून जाणारे सगळे रॅकपाशीच जातात. मीही गेलो. त्याचा 800 पौंडाचा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), म्हणजे जवळपास 363 किलो, दोन रेप, म्हणजे सलग दोनदा, तो इथलाच. डेडलिफ्टही (जमिनीवरून बार उचलणं) 800 चाच, तोही दोनदा. नंतर कुठंतरी त्यानं सांगितलंय की त्या स्क्वॉटचा पश्चात्ताप एकच, चार मारता आले असते आणि मी दोनच मारले! आपण शंभर किलोला कंबरेला पट्टा आवळून, देवाचं नाव घेऊन खाली बसतो आणि हा असलं बोलतो. 200 पौंडाचं डंबेल मी रॅकवरून नुसतं हलवून बघितलं. हललं, एवढंच म्हणतो.

पण खरी मजा बाहेर आहे, पार्किंगमध्ये. तिथंच रॉनी खांद्यावर 185 पौंड घेऊन भर उन्हात लंजेस मारत, म्हणजे लांब पाऊल टाकून गुडघे वाकवत, जायचा. मी रिकामा बार घेऊन निघालो, 45 पौंडाचा. बार उन्हात तापतो हे डोक्यातच आलं नव्हतं, मानेला चटका बसला, टॉवेल गुंडाळला, परत निघालो, अर्ध्यात मांड्या थरथरायला लागल्या आणि परत येताना बार हातात धरून मुकाट चालत आलो. कोणी हसलं नाही, आपापले सेट मारत होते सगळे.

आता एक गोष्ट, जी इथं येणाऱ्या भक्तांना आवडणार नाही. लोकांना वाटतं इथं अफाट वजन उचललं म्हणून तो आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया झाला. अरे पण तो 1990 पासून इथंच होता ना? 1992 ला ऑलिंपियात नंबरच लागला नाही, 94 ला पंधरावा, 95 ला अकरावा, 96 ला सहावा, आणि 97 ला परत घसरून नववा. ताकद तेव्हाही होती. 98 ला फरक पडला तो डाएटचा, चॅड निकोल्स या डाएट कोचला धरलं आणि माणूस स्टेजवर असा कोरडा आणि कट, म्हणजे चरबी न उरलेला, आला की बघणारे बघतच राहिले. आधीचा चॅम्पियन डोरियन येट्स सलग सहा जिंकून निवृत्त झाला होता, सगळे फ्लेक्स व्हीलर या दुसऱ्या बॉडीबिल्डरचं नाव घेऊन बसले होते, आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नाव पुकारलं ते रॉनीचं, तीन गुणांनी. नाव ऐकून तो स्टेजवरच खाली कोसळला, तो क्षण बघितला नसेल तर शोधून बघा. तिथून 2005 पर्यंत सलग आठ, ली हेनीच्या विक्रमाची बरोबरी. तेव्हा लोखंड ही अर्धीच गोष्ट, बाकीची अर्धी स्वयंपाकघरात झाली.

कौतुक मात्र एका गोष्टीचं करावंच लागेल. चॅम्पियन झाल्यावरही त्यानं जिम बदलली नाही. 2003 ला 287 पौंडाचा, म्हणजे 130 किलोचा होऊन स्टेजवर आला, तोही याच गोडाऊनमध्ये घाम गाळून. पोलिसची नोकरीसुद्धा पहिलं टायटल आलं तरी लगेच सोडली नव्हती, 2000 पर्यंत केली. 2006 ला जे कटलरनं हरवलं, 2007 ला चौथा आला आणि संपलं.

त्यानंतर काय झालं तेही माहीत असू द्या. पाठीची ऑपरेशनं, मानेचं, दोन्ही खुबे बदलले, आज कुबड्या नाहीतर व्हीलचेअर. इथं येऊन रॉनीसारखं 'लाइट वेट बेबी' ओरडत नेहमीच्या वजनावर वीस किलो चढवायचा मोह होतो, मलाही झाला, वातावरणच तसं आहे. चढवू नका. किमान पहिल्या दिवशी तरी नको.

तर कामाचं सांगतो. सकाळी लवकर जा, दुपारी पत्रा तापला की आत भट्टी होते. पाणी घरून भरपूर न्या, टॉवेल दोन, पट्टा आणि स्ट्रॅप (पकडीसाठी मनगटाला बांधतात ते) स्वतःचे. चॉक बिनधास्त वापरा, आपल्या अपार्टमेंटच्या जिममध्ये चॉक काढला की नोटीस येते, इथं कोणी विचारत नाही. बायको-पोरांना बरोबर नेणार असाल तर त्यांना कुठंतरी गार जागी सोडून या. प्लेनो-फ्रिस्कोवरून रोज यायचं म्हणाल तर ड्रायव्हिंगमध्येच जीव जाईल, म्हणून मी मेंबरशिप घेतली नाही, पण भारतातून जिमवाला मित्र आला की त्याला दुसरं काही दाखवायच्या आधी इथं आणतो.