अनोळखी पूर्वजांची नावे विकणारा ‘संशोधक’

जुन्या छायाचित्रांतील अनोळखी माणसे ओळखून देण्याच्या नावाखाली आमच्या कुटुंबाची जी फसवणूक झाली, तिची हकिकत येथे सविस्तर लिहीत आहे. पैसे गेले ते गेलेच. पण आमच्या अल्बममधील दोन अस्सल छायाचित्रे नाहीशी झाली आणि उरलेल्यांपैकी काहींच्या पाठीवर खोटी नावे लिहिली गेली, हे नुकसान पैशांनी भरून येणारे नाही. घरोघरचे असे अल्बम आता माळ्यावरून खाली येऊ लागले आहेत आणि त्यांच्यावर डोळा ठेवून असणारी माणसेही त्याबरोबर पुढे येत आहेत.

आमचा अल्बम आत्याकडून आला. तो तिच्या सासरचा नव्हे, माहेरचा, म्हणजे आमच्याच गिरगावातील जुन्या बिऱ्हाडातला. चामड्याची बांधणी, पितळेची कडी, सोनेरी कडांची जाड पाने आणि प्रत्येक पानाला चौकटी. चौकटीखालच्या फटीतून कार्ड, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेले छायाचित्र, आत सरकवायचे, अशी त्याची रचना. त्यात दोन मापांची कार्डे होती. एक अंदाजे अडीच बाय चार इंचांचे ‘कार्त द व्हिजित’, ज्याचे पेटंट पॅरिसच्या दिस्देरी याने १८५४ मध्ये घेतले, आणि दुसरे १८६६ च्या सुमारास प्रचारात आलेले, सव्वाचार बाय साडेसहा इंचांचे ‘कॅबिनेट’. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि हरिचंद चिंतामण यांच्यासारखे देशी छायाचित्रकारही लवकरच या धंद्यात उतरले होते. त्यामुळे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला असा अल्बम एखाद्या मराठी घरात सापडावा, यात विशेष काही नाही. अडचण एवढीच, की ज्यांनी ही कार्डे लावली त्यांना सगळी माणसे माहीत असल्यामुळे नावे लिहून ठेवण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

आमच्या चुलतबहिणीने त्यातील काही छायाचित्रे ज्ञातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थांचा निरोप आला. ‘वंशावळ व छायाचित्र संशोधक’ अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली होती. बोलणे अत्यंत अदबीचे, भाषा शुद्ध. त्यांनी एका छायाचित्रातील तरुणाला विनामूल्य ओळखून दाखवले: हे तुमचे पणजोबा. ते बरोबर निघाले आणि तेथेच आम्ही सगळे त्यांच्या बाजूने झालो. हेच छायाचित्र आमच्या कुलवृत्तांतात छापलेले आहे आणि तो ग्रंथ कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात उघडून पाहता येतो, ही गोष्ट पुढे ध्यानात आली.

त्यानंतर त्यांनी एक लांबलचक प्रश्नावली पाठवली. मूळ गाव, कुलदैवत, माहीत असलेल्या पिढ्यांची नावे, मृत्यूची वर्षे, कोण कोणत्या कचेरीत नोकरीला होते, कोणाला किती मुले होती, असे सारे त्यात विचारले होते. संशोधनाला ही माहिती लागतेच, असे वाटून आम्ही ती भरून दिली. आत्याने तर तोंडपाठ असलेली श्राद्धाच्या तिथींची यादीही सांगितली. दर छायाचित्रामागे आठशे रुपये ठरले आणि निम्मी रक्कम आगाऊ यूपीआयने दिली. जो अहवाल हाती आला तो पाहण्यासारखा होता. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव, नाते, साल आणि एक ‘चेहरा-साम्य’ टक्केवारी. वास्तविक आम्ही त्यांना जी नावे पुरवली होती, तीच या चेहऱ्यांवर वाटून दिलेली होती. प्रश्नावलीत नव्हते असे एकही नाव अहवालात नव्हते आणि प्रश्नावलीतले एकही नाव चेहऱ्यावाचून राहिले नव्हते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घरातील प्रत्येक माणसाने फोटो काढून घेतला होता आणि तो प्रत्येक फोटो टिकला होता, हे मानायला फार श्रद्धा लागते.

टक्केवारीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आजकाल तिच्यावर लोकांचा विश्वास चटकन बसतो. त्या काळच्या कलोडियन काचेला, म्हणजे रसायनाचा लेप दिलेल्या निगेटिव्हच्या काचेला, निळा प्रकाश जाणवत असे, तांबडा जवळजवळ नाही. म्हणून त्या छायाचित्रांत लाल पगडी काळी दिसते, कुंकू काळ्या ठिपक्यासारखे उमटते, निळसर डोळे विलक्षण फिके येतात आणि सावळा वर्ण आहे त्याहून गडद होतो. अशा चित्रावरून ‘घारे डोळे आणि गोरा वर्ण तुमच्या घराण्यात उतरला आहे’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने एक तर ही छायाचित्रे कशी बनत हे वाचलेले नसते, किंवा वाचूनही तो आपल्याला वेड्यात काढत असतो.

अहवालातील सर्वांत बहारदार नोंद एका युरोपीय बाईंची होती. काळ्या पोशाखातील तरुण स्त्री, पाठुंगळीला लहान मूल, चेहऱ्यावर हसू. हिची ओळख ‘खापरपणजोबांच्या कचेरीतील साहेबाची पत्नी, कौटुंबिक स्नेहसंबंध’ अशी दिली होती आणि त्याचेही आठशे रुपये लावले होते. कार्डाच्या खालच्या कडेला छायाचित्रकाराचे नाव छापलेले होते: डब्ल्यू. अँड डी. डाउनी. हे १८६८ सालचे, वेल्सची युवराज्ञी अलेक्झांड्रा आणि तिची मुलगी लुईज यांचे विख्यात छायाचित्र आहे. त्याच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्याचे सांगतात. त्या काळी राजघराण्यातील माणसे, पाद्री, सेनापती, नट-नट्या यांची कार्डे दुकानात विकत मिळत आणि लोक ती हौसेने घरच्यांच्या शेजारी लावत. अल्बममध्ये आहे म्हणून माणूस आपल्या घरचा, हे गृहीतच मुळात कच्चे असते.

यावरून संशय येण्याआधीच पुढचा डाव खेळून झाला होता. ‘स्कॅनवरून कागदाचा पोत कळत नाही, मूळ प्रती तपासल्याशिवाय प्रमाणपत्र देता येणार नाही,’ असे सांगून ते गृहस्थ स्वतः घरी आले, चहा घेतला, आत्याच्या पाया पडले आणि कार्डे घेऊन गेले. पावती दिली, तिच्यावर फक्त ‘जुने फोटो, ४२ नग’ एवढेच लिहिले होते. परत आले तेही बरोबर ४२ नग.

परत आलेल्या काही कार्डांच्या पाठीवर फिकट तपकिरी शाईत मोडी लिपीतला मजकूर होता. ‘रासायनिक प्रक्रियेने पुसट अक्षरे वर आणली,’ असे त्यांचे स्पष्टीकरण. आमच्या घरात मोडी कोणालाच येत नाही, आणि हे त्यांनी प्रश्नावलीतच विचारून घेतले होते! काकांच्या ओळखीचे एक मोडीवाचक सहज घरी आले असता त्यांना ही कार्डे दाखवली. ते बराच वेळ भिंग लावून पाहत बसले आणि म्हणाले, “हे लिहिणारा देवनागरीत विचार करतो.” मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि अक्षरे तिच्याखाली सलग मांडत जातात, शब्दाशब्दांत जागा सोडण्याची आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळण्याची पद्धत तिच्यात नाही. आमच्या कार्डांवर प्रत्येक शब्दाची शिरोरेषा स्वतंत्र होती, मधे नीट मोकळी जागा होती आणि ऱ्हस्व-दीर्घ शाळेत शिकवतात तसे होते. एका कॅबिनेट कार्डावर तर ‘शके १७९६, ईश्वर नाम संवत्सर’ असा उल्लेख होता. शके १७९६ ला भाव संवत्सर होते. ईश्वर आला शके १७९९ ला. घरात पंचांग असणाऱ्या कोणालाही हा हिशेब मांडता येतो.

आणि हे कार्ड होते कोणाचे? समोरच्या बाजूला सोनेरी अक्षरांत ‘राजा दीनदयाळ अँड सन्स, बॉम्बे’ असे छापलेले. दीनदयाळ या छायाचित्रकारांना निजामाने ‘राजा’ हा किताब दिला १८९४ मध्ये आणि त्यांचा मुंबईचा स्टुडिओ सुरू झाला १८९६ मध्ये. ज्या खापरपणजोबांचे म्हणून हे चित्र आमच्या गळ्यात मारले, ते १८८४ मध्येच वारले होते. अहवालातले १८७४ (म्हणजेच शके १७९६) हे साल आम्ही दिलेल्या सनावळीत बसेल असे बेतलेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही गत. उत्तर कार्डावरच छापलेले होते.

मोडीवाचकांच्याच भिंगाखाली दोन कार्डे वेगळी दिसली. जुना अल्ब्युमेन ठसा म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला पातळ कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला. भिंगातून पाहिले तर कागदाचे तंतू आणि बारीक तडे दिसतात, रंग सलग तपकिरी असतो. या दोन कार्डांवर निळे, गुलाबी, पिवळे सूक्ष्म ठिपके होते. ती घरगुती प्रिंटरवर छापून पुठ्ठ्याला चिकटवली होती. अल्बममधील ही दोन सर्वांत जुनी कार्डे, आणि अशा कार्डांना संग्राहकांकडून चांगली किंमत येते.

फोन केला तेव्हा पहिल्यांदा ‘तुमच्याकडचीच प्रत नकली असेल’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर क्रमांक बंद. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीविषयीच्या कलम ३१८ खाली अर्ज दिला. तेथील अधिकाऱ्यांनी सौजन्याने ऐकून घेतले, परंतु त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “४२ दिले, ४२ मिळाले, मग गेले काय?” पावतीवर वर्णन नसल्याने याचे उत्तर आम्हाला कागदावर दाखवता येईना. म्हणून ज्यांच्याकडे असा अल्बम आहे त्यांनी तो घराबाहेर जाण्यापूर्वी, किंबहुना जाऊच न देता, प्रत्येक कार्ड दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवावे. पाठ अधिक महत्त्वाची आहे, कारण स्टुडिओचे नाव, पत्ता, पदके आणि निगेटिव्हचा क्रमांक बहुधा तेथेच असतो आणि त्या काळच्या मुंबईच्या डिरेक्टऱ्यांशी तो पत्ता ताडून पाहिला की साल बरेचसे हाती येते. ओळखणाऱ्याला आपली नावे आधी सांगू नयेत. त्याने कार्डावरून फक्त काळ सांगावा आणि नावांचा विचार आपण घरी करावा. मोडीसाठी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे प्रशिक्षण घेतलेले लोक मिळतात, त्यांना विचारावे. खोटा मजकूर आढळला तर तो खोडण्याच्या भानगडीत पडू नये; आम्ही त्या कार्डांसोबत वेगळ्या कागदावर तसे लिहून ठेवले आहे.

हरवलेली दोन कार्डे अशी: एकात नऊवारी नेसलेली मध्यमवयीन स्त्री खुर्चीवर बसली आहे, मांडीवर उघडे पुस्तक आहे आणि कार्डाचे खालचे दोन्ही कोपरे चौकटीत सरकावे म्हणून कात्रीने तिरके कापलेले आहेत. दुसऱ्यात दोन मुलगे जरीच्या टोप्या घालून उभे आहेत. धाकट्याची मान हलल्यामुळे त्याचा चेहरा पुसट आला आहे, आणि पाठीवर पेन्सिलीने इंग्रजी सातचा आकडा काढलेला आहे. संग्राहकांच्या बाजारात ही कुठे दिसली, तर विकणाऱ्याकडून ती कोठून आली हे लेखी मागावे आणि पोलिसांना कळवावे.