नझूलच्या घराचा बयाणा देण्याआधी

नागपुरात धंतोलीच्या बाजूला एक जुनं घर घेण्याच्या सौद्यात आमचे सहा लाख रुपये अडकले आहेत. तेच घर अजूनही लोकांना दाखवलं जातंय असं कळलं, म्हणून हे लिहितोय. आम्हाला दाखवलेल्या कागदांत एकही बनावट नव्हता. बनावट असता तर कोणीतरी ओळखला असता. इथे प्रत्येक कागद खरा होता आणि प्रत्येक कागद अर्धाच होता.

घर नझूलच्या जागेवर आहे. जमीन सरकारची, ताबा पट्टेदाराचा, पट्टा सहसा तीस वर्षांचा, मुदत सरली की नूतनीकरण आणि दरवर्षी ग्राउंड रेंट म्हणजे जमिनीचं भाडं, हा प्रकार नागपुरात घरोघरी माहीत आहे. नासुप्रचे (नागपूर सुधार प्रन्यासचे) कितीतरी प्लॉट असेच पट्ट्यावर आहेत. हिंगणा-बुटीबोरीकडचे एमआयडीसीचे भूखंड 95 वर्षांच्या पट्ट्यावर असतात. जमिनीचा मालक प्रत्येक ठिकाणी वेगळा, पण विकणारा जमीन विकतच नसतो. तो पट्ट्याची उरलेली वर्षं विकतो आणि त्या पट्ट्याच्या अटीही तुमच्या गळ्यात घालतो. वर्षं उरलेलीच नसतील, अटी आधीच मोडलेल्या असतील, तर पैसे कशाचे मोजायचे?

दलालाने आमच्या बैठकीत फाइल उघडली. प्लास्टिकच्या कप्प्यांत एकेक कागद नीट लावलेला. मूळ पट्टा, महापालिकेच्या कराची ताजी पावती, आखीव पत्रिका (शहरातल्या जागेचा सिटी सर्व्हेचा उतारा), आणि सगळ्यात वर नूतनीकरणाचा म्हणून एक कागद. त्यावरच्या गोल शिक्क्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे पाहा भाऊ, कलेक्टर ऑफिसचा शिक्का. कागद सारे क्लिअर आहेत, टेन्शन घेऊन नका राहू. आता अभय योजना आली, थोडे पैसे भरले की फ्री होल्ड होऊन जाते." फ्री होल्ड म्हणजे पट्टा जाऊन जमीन मालकीची होणं.

तो शिक्का आवक विभागाचा होता. म्हणजे पट्ट्याचं नूतनीकरण करून द्या असा अर्ज विकणाऱ्याने दिला आणि तो कार्यालयाला मिळाला, एवढंच त्यातून सिद्ध होतं. अर्जावर आदेश झालेला नव्हता. कोणत्याही नझूल किंवा नासुप्रच्या सौद्यात हा कागद समोर आला, तर शिक्का बघू नका, मजकूर वाचा. "विनंती आहे" असं लिहिलं असेल तर तो अर्ज आहे. नूतनीकरणाच्या आदेशावर आदेश क्रमांक, तारीख आणि नवी मुदत असते.

आखीव पत्रिकाही खरीच, पण जुनी प्रत. तिच्यात 'इतर शेरे' हा रकाना कोरा होता. पुढे कर्जासाठी बँकेत गेलो तेव्हा बँकेच्या वकिलाने ताजी प्रत काढली, तर त्याच रकान्यात शर्तभंगाची नोंद. पट्टा राहण्यासाठी दिलेला, आणि पुढच्या दोन खोल्या कित्येक वर्षं दवाखान्याला भाड्याने. धंतोलीत असे दवाखाने इतके आहेत की ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पट्टेदार म्हणून अजूनही विकणाऱ्याच्या वारलेल्या वडिलांचं नाव आहे. त्याला दोन बहिणी आहेत. वडिलांच्या मिळकतीत 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांचाही वाटा, आणि इसारपत्रावर, म्हणजे बयाण्याच्या करारावर, त्यांची सही नाही. बँकेने कर्ज नाकारलं. पट्टा देणाऱ्याचं ना-हरकत पत्र नाही, कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त वर्षं पट्ट्यात शिल्लक नाहीत, तर दुसरं काही होणारच नव्हतं. "बँकेच्या भानगडीत कशाला पडता, दोन हप्त्यांत मोकळं करून टाका" हे दलाल पहिल्या दिवसापासून का म्हणत होता, ते तेव्हा उमगलं.

पैसे परत मागितले तर विकणाऱ्याने इसारपत्रातलं एक वाक्य पुढे केलं: "शासकीय परवानगी, नूतनीकरण व थकीत रकमेचा खर्च खरेदीदाराकडे राहील." या एका ओळीने ग्राउंड रेंटची सगळी थकबाकी, शर्तभंगाचा दंड आणि हस्तांतरणाची रक्कम आमच्या माथी आली होती. रक्कम किती ते कुठेच लिहिलेलं नाही. खर्च नाकारला तर सौदा तुम्ही मोडला, मग बयाणा जप्त. तुमच्या करारात असं वाक्य असेल तर सही करण्याआधी संबंधित कार्यालयाचं मागणीपत्र लेखी मागा आणि आकडा करारात लिहून घ्या. आकडा द्यायला विकणारा तयार नसेल तर तिथूनच उठा.

पुढे कळलं की त्याच घराचा बयाणा आणखी एका कुटुंबाकडूनही घेतला आहे. त्यांचंही इसारपत्र नोटरीसमोर केलेलं, आमच्यासारखंच. असा कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला नसतो, त्यामुळे सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीत, दिसत नाही, आणि पुढच्या माणसाला सर्च घेऊनही (जुने दस्त तपासूनही) पत्ता लागत नाही. इसारपत्राची रजिस्ट्री करायला विकणारा तयार नसेल तर त्यामागचं कारण बहुतेक हेच असतं.

वकिलांनी समजावलेलं कायद्याचं म्हणणं थोडक्यात असं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 54 प्रमाणे विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत आपला हक्क तयार होत नाही. पण कलम 55 विकणाऱ्यालाही बांधतं: हक्कातला जो मोठा दोष त्याला माहीत आहे आणि आपल्याला साध्या चौकशीत कळणारा नाही, तो त्याने सांगितलाच पाहिजे; लपवला तर ती लबाडी धरली जाते. बयाण्याच्या रकमेचा बोजा त्याच्या हिश्शावर मागता येतो. फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. तिथे फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे दाखवावं लागतं, म्हणून व्हॉट्सअॅपवरची जुनी बोलणी जपून ठेवा. काही जण मुखत्यारपत्रावर सौदा उरकू म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, आणि मुखत्यारपत्र देणारा वारला की ते साधारणपणे तिथेच संपतं.

अभय योजनेबद्दलही बोलायला हवं, कारण सध्या तिच्याच नावावर माणसं गळाला लावली जातात. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या नझूल जमिनींसाठी सरकारने योजना आणली हे खरं आहे, आणि ती चांगली आहे. पण अर्ज पट्टेदाराने किंवा त्याच्या वारसांनी करायचा असतो. बयाणा दिलेला माणूस पट्टेदार नसतो. घर फ्री होल्ड होणारच असेल तर ते आधी विकणाऱ्याने करून घ्यावं, मग सौदा.

विकणाऱ्यांनाही असंच घेरतात. आमच्या ओळखीच्या एका मावशींना "पट्टा संपला, आता सरकार घर घेईल" अशी भीती घालून कवडीमोलाने इसारपत्रावर सही घेतली. पट्टा संपला तरी नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. आधी वारसांची नावं चढवा, थकबाकी भरा, पावत्या हाती ठेवा. मग भाव तुम्ही ठरवाल.

आमचा दावा आता दिवाणी न्यायालयात आहे. ज्यांनी अशाच अर्जाच्या पोचपावतीवर बयाणा दिला असेल त्यांनी आपल्या इसारपत्राच्या शेवटच्या पानावरच्या साक्षीदारांची नावं एकदा बघावी आणि आपल्या वकिलांना दाखवावी. आमच्या आणि त्या दुसऱ्या कुटुंबाच्या इसारपत्रावर साक्षीदार एकच निघाला.