‘आयुष्यभरासाठी अमर्याद ड्राइव्ह’ विकत घेण्यापूर्वी

एकदाच १५०० रुपये भरा आणि गुगल ड्राइव्हवर आयुष्यभरासाठी हवी तेवढी जागा वापरा, असा प्रस्ताव सध्या लातूर परिसरातील डीटीपीवाले, फोटोग्राफर आणि क्लासचालक यांच्यापर्यंत वारंवार पोहोचत आहे. या प्रस्तावात माझे अनेक वर्षांचे काम गेले. तो विकणारे आजही नवे गिऱ्हाईक शोधत असल्यामुळे हा व्यवहार आतून कसा चालतो, ते सविस्तर लिहीत आहे.

माझे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून पानांची मांडणी करण्याचे, दुकान लातुरात आहे आणि घर औशाला. नीट आणि बारावीच्या सराव परीक्षांचा हंगाम आला, की क्लासवाले रात्री उशिरा दुरुस्त्या पाठवतात आणि सकाळी छापील प्रश्नपत्रिका मागतात. त्यामुळे दुकानातला आणि घरातला असे दोन्ही संगणक एकाच फाइलवर चालणे ही माझी रोजची गरज होती. ही अडचण आमच्या भागात संगणकदुरुस्ती करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना ठाऊक होती. ‘सर, काही टेन्शन घेऊ नका, लाइफटाइम आहे हे, आपल्या बऱ्याच क्लासवाल्यांना दिलंय,’ असे सांगून त्यांनी यूपीआयने पैसे घेतले, माझ्या जीमेलला एका शेअर्ड ड्राइव्हचे, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या सामायिक जागेचे, आमंत्रण पाठवले आणि दोन्ही संगणकांवर गुगलचे प्रोग्राम बसवून दिले. ‘धिस पीसी’मध्ये सी आणि डीच्या खाली ‘जी’ (G) नावाची नवी ड्राइव्ह दिसू लागली. दुकानात सेव्ह केलेली प्रश्नपत्रिका औशाला पोहोचेपर्यंत तिथे आलेली असे. वर्षभराहून अधिक काळ हे इतके बिनबोभाट चालले, की रसायनशास्त्राच्या हाताने काढलेल्या रचना, कोरल ड्रॉमधल्या आकृत्या, श्रीलिपीतल्या जुन्या पेजमेकर फाइल्स असे सगळेच हळूहळू त्या ड्राइव्हवर गेले.

ऐन परीक्षांच्या तोंडावर एका सकाळी ‘जी’ ड्राइव्ह उघडली, तेव्हा शेअर्ड ड्राइव्हचे फोल्डरच त्यात नव्हते. ‘माय ड्राइव्ह’मध्ये ठेवलेली चार-दोन बिले तेवढी जागेवर होती. औशाला घरी फोन करून तिथला संगणक पाहायला सांगितला, तर तिथेही तेच. विकणाऱ्याने आधी ‘सर्व्हरचे काम चालू आहे, दोन दिवस थांबा’ असे सांगितले, मग फाइल्स परत आणून देण्यासाठी आणखी पैसे मागितले आणि ते मी नाकारल्यावर फोन उचलणे बंद केले.

यातली खरी गोष्ट नंतर कळली आणि प्रत्येकाने समजून घ्यावी अशी तीच आहे. ‘माय ड्राइव्ह’मधल्या फाइल्सची मालकी तुमच्या खात्याकडे असते, शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइल्सची मालकी मात्र, त्या कोणीही चढवलेल्या असोत, ज्या संस्थेच्या खात्यातून ती ड्राइव्ह उघडली त्या संस्थेकडे असते. आमंत्रण मिळालेला माणूस तिथे केवळ सदस्य असतो आणि व्यवस्थापक त्याला केव्हाही काढू शकतो. माझी ड्राइव्ह एका परदेशी शिक्षणसंस्थेच्या खात्यातून उघडलेली होती आणि तिची जागा विकण्याचा विकणाऱ्याला काडीचाही अधिकार नव्हता. शिक्षणसंस्थांना पूर्वी गुगलकडून अमर्याद जागा मिळत असे. २०२१ मध्ये हे धोरण बदलल्याचे जाहीर झाले आणि जुलै २०२२ पासून प्रत्येक संस्थेला मूळ मर्यादा एकूण १०० टीबीची आली. जागा मोजून मिळू लागली, की संस्था अनोळखी ड्राइव्ह शोधून काढून टाकणार हे उघड आहे, आणि त्यात तिचा दोषही नाही.

दोन संगणक असूनही एकाही ठिकाणी प्रत का उरली नाही, असे अनेकांनी विचारले. गुगलच्या या प्रोग्राममध्ये ‘मिरर’ आणि ‘स्ट्रीम’ असे दोन प्रकार आहेत. मिररमध्ये फाइलची प्रत संगणकावर राहते, तर स्ट्रीममध्ये फाइल दिसते तुमच्याकडे, पण असते गुगलकडे. शेअर्ड ड्राइव्ह स्ट्रीमनेच चालते. शिवाय मिरर असले तरी सिंक, म्हणजे सगळीकडच्या फाइल्स आपोआप एकसारख्या ठेवणे, हा बॅकअप नव्हे, कारण एका संगणकावर खोडलेली फाइल दुसऱ्यावरूनही खोडली जाते.

तुम्ही अशी जागा घेतली असेल तर आजच ड्राइव्ह उघडून पाहा. तुमच्या फाइल्स ‘शेअर्ड ड्राइव्ह’खाली असतील, किंवा तुम्हाला दिलेला ईमेल पत्ता एखाद्या अनोळखी कॉलेजच्या नावाने संपत असेल, तर सगळे आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि विकणाऱ्याशी वाद नंतर घाला, सदस्यत्व काढून घ्यायला त्याला क्षणभरही लागत नाही. जीमेल खात्याबरोबर १५ जीबी जागा फुकट मिळते. त्यापुढची जागा गुगल १०० जीबीला महिन्याला १३० रुपये या दराने विकत आले आहे, तेही मुदतीपुरते, आयुष्यभरासाठी नव्हे. या दराशी ‘१५०० रुपयांत आयुष्यभर’ ताडून पाहिले, की विकली जाणारी जागा दुसऱ्या कोणाची तरी असणार हे लक्षात येते.

मी १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार दिली असून तिच्यासोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक, आमंत्रणाचा ईमेल आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण जोडले आहे. त्या संस्थेलाही पत्र पाठवले, कारण काढून टाकलेली ड्राइव्ह ठरावीक मुदतीत तिचा प्रशासकच परत आणू शकतो. उत्तर आलेले नाही. क्लासवाल्यांकडे व्हॉट्सॲपवर गेलेल्या पीडीएफ आणि दुकानातल्या गठ्ठ्यांतली प्रूफे यांवरून काही प्रश्नपत्रिका पुन्हा टाइप करणे चालू आहे. याच व्यक्तीकडून जागा घेतलेल्या लातूर-औशातल्या दुकानदारांनी आपापली तक्रार स्वतंत्रपणे नोंदवावी आणि तिचा क्रमांक मला कळवावा, म्हणजे त्या सगळ्या तक्रारी पोलिसांपुढे एकत्र मांडता येतील.