बंद केलेला फ्लॅश बंद राहत नाही: गोव्याच्या पाण्यात एक सीझन वापरल्यावर

पणजीतल्या सर्व्हिस सेंटरने माझा पाण्याखाली चालणारा छोटा कॅमेरा ठेवून घेतला, तपासणी फी लावली आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: ‘दोष आढळला नाही’. माझी तक्रार एवढीच होती, की फ्लॅश बंद करून ठेवला तरी कॅमेरा झोपून (स्लीप मोडमधून) उठला की तो परत ऑटोवर जातो. ‘साहेब, ते तसंच असतं,’ काउंटरवरचा मुलगा म्हणाला. तसंच असतं हे ऐकायचे पैसे!

जमिनीवर ही कटकट किरकोळ आहे. ग्रँड आयलंड बेटापाशी आठ-दहा मीटर खोल ती अख्खा डाइव्ह खाते. आपलं पाणी हिरवट, त्यात मांडवी-झुवारीचा गाळ आणि प्लवक. कॅमेऱ्यातला फ्लॅश लेन्सला अगदी लागून असतो. त्यामुळे मधल्या प्रत्येक कणावर आपटलेला उजेड सरळ लेन्समध्ये परत येतो. ‘सुझीज रेक’ या बुडालेल्या जहाजापाशी तांबोसा मासा निवांत समोर आला, आणि फोटोत तो रव्यात घोळवून तव्यावर टाकायच्या तयारीत. बाहेरचा वेगळा फ्लॅश, म्हणजे स्ट्रोब, लांब दांडीवर तिरका लावतात तो याचसाठी. पण त्याची किंमत कॅमेऱ्याच्या जवळपास जाते, त्यामुळे तो विषय माझ्यापुरता संपला.

बाकी कॅमेऱ्याला नावं ठेवायला जागा नाही. वेगळ्या वॉटरप्रूफ पेटीशिवाय (हाउसिंग) १५ मीटर उतरतो, आपल्याकडे बहुतेक डाइव्हना तेवढं पुरतं. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो) देतो, मॅक्रो, म्हणजे अगदी जवळचे फोटो, झकास आहे. आयएसओची (उजेडाला संवेदनशीलता) कमाल मर्यादा ८०० ठेवलीय, त्यावर दाणे दिसतात.

रंगांबद्दल मात्र माझं मत सीझनभरात पार फिरलं. सुरुवातीला ‘अंडरवॉटर’ मोडवर खूश होतो. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला नेला तेव्हा तर फोटो सुरेख आले. पण तिथलं पाणी निळं. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो, पाच-सहा मीटरवरच बराचसा गेलेला असतो, आणि हा मोड अंदाजाने लाल वाढवतो. गोव्याच्या हिरव्या पाण्यात तो अंदाज चुकतो, फोटो शेवाळी दिसतात. दुकानदाराने गळ्यात मारलेल्या लाल फिल्टरचंही तेच. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी, हिरव्याला मजेंटा (जांभळट गुलाबी) लागतो. आता मी फिल्टर न लावता पांढऱ्या स्लेटवर हाताने व्हाइट बॅलन्स घेतो (पांढरं कोणतं ते कॅमेऱ्याला दाखवतो), आणि दोन-तीन मीटर वरखाली झालो की पुन्हा घेतो. कंटाळवाणं आहे, पण रॉवर बसून तासन्‌तास रंग ओढण्यापेक्षा बरं.

फ्लॅशचा उपाय शेवटी बोटीवर मिळाला, तोही फुकट. इन्स्ट्रक्टरने माझी बडबड ऐकून कॅमेरा हातातून घेतला. ‘दादा, डायलवर सी१ आहे तो कशाला?’ फ्लॅश बंद, रॉ, आयएसओची मर्यादा, व्हाइट बॅलन्सचा कप्पा, सगळं लावून सी१मध्ये साठवलं, की कॅमेरा कितीही वेळा झोपला तरी तसाच उठतो. म्हणजे दोन स्टारवरून चारवर आलो. पाचवा देणार नाही. हे काउंटरवरच्या मुलाला माहीत असायला हवं होतं आणि माझी फी अजून त्यांच्याकडेच आहे.

सी२मध्ये टॉर्चची सेटिंग ठेवलीय. स्ट्रोबऐवजी हातातला टॉर्च घेतला, तो लेन्सपासून लांब, बाजूला धरायचा. इथे व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर हवा, कारण टॉर्चच्या उजेडात लाल असतोच. खोल पाण्यात टॉर्चशिवाय घेतलेला बॅलन्स तसाच राहिला तर न्युडीब्रँक (शंखाविना समुद्री गोगलगाय) टोमॅटोसारखा लालभडक येतो. आणि कुठलीही सेटिंग असो, हात लांब केला तर पोचेल त्यापलीकडचं टिपायला जाऊ नका (हात लावू मात्र नका). ज्याची बॉयन्सी (पाण्यात एका पातळीवर तरंगत राहणं) कच्ची आहे त्याने तर कॅमेरा बोटीवरच ठेवावा. असा माणूस फिनने तळाची माती उडवतो आणि मागच्या सगळ्यांचे फोटो घालवतो. दर रविवारी एक तरी असतोच.

जूनपासून डाइव्हिंग बंद, ते पुन्हा सुरू होईपर्यंत कॅमेरा बॅटरी काढून, दारांचे सील पुसून, सिलिका जेलसोबत डब्यात ठेवतोय. लाल फिल्टर विकायचा आहे. ओरखडा नाही, नेत्राणी किंवा अंदमानला जाणाऱ्याने न्यावा. माझी तपासणी फी सुटेल एवढी किंमत धरलीय, घासाघीस करू नये.