पद्मिनी काठमांडूला नेण्यापूर्वी: वागळे इस्टेटमधील एका गॅरेजविषयी

वडिलांच्या १९८३ सालच्या प्रीमियर पद्मिनीने ठाण्याहून काठमांडूला जाऊन यायचे, असे मी आणि माझ्या मेहुण्यांनी ठरवले खरे. परंतु या गाडीला हात लावायला तयार होणारा मिस्त्री मिळेपर्यंत दोन महिने गेले. घोडबंदर रोडवरील एका चकचकीत वर्कशॉपमध्ये तर तिथल्या मुलाने नव्या गाड्यांतला बिघाड दाखवणारा संगणकी स्कॅनर जोडायची जागा शोधण्यासाठी डॅशबोर्डाखाली डोके घातले आणि काही वेळाने गोंधळलेल्या चेहऱ्याने ते बाहेर काढले. शेवटी वागळे इस्टेटमध्ये, लेथच्या दुकानांच्या रांगेत, पाटी नसलेले एक गॅरेज सापडले. हाती आधीच भरपूर कामे असल्यामुळे नाव-पत्ता कुठे लिहू नये, अशी मिस्त्रींची अट आहे आणि ती मी पाळतो आहे. तरीही सविस्तर लिहितो आहे, कारण जुनी गाडी दूरच्या प्रवासासाठी तयार करून घेताना मिस्त्रीकडून काय मागावे, हे मला तिथे कळले.

मिस्त्रींची उमेदीची वर्षे काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर गेली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा त्यांनी ओळखीच्या टॅक्सीवाल्यांकडून सुटे भाग विकत घेऊन ठेवले होते. माझ्या गाडीचे किंग पिन (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खिळी), व्हील सिलिंडर आणि वॉटर पंप त्याच साठ्यातून आले. बाजारात मिळणाऱ्या नव्या नकली मालापेक्षा जुना, पण तपासून घेतलेला अस्सल भाग बरा, या त्यांच्या मताशी मी आता पूर्ण सहमत आहे.

मी सोबत एक यादी नेली होती. तिच्यात इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि इलेक्ट्रिक पेट्रोल पंप होता. त्यांनी यादी शांतपणे वाचली आणि विचारले, "साहेब, हे गोरखपूरच्या पुढे बंद पडलं, तर कोण उघडणार?" ठिणगीसाठी वीज तोडणारे-जोडणारे पॉइंट घासले किंवा त्यांच्यासोबतचा कंडेन्सर बिघडू लागला की इंजिन आधी कुरकुर करते, मिसिंग करते, म्हणजे पूर्वसूचना देते, इलेक्ट्रॉनिक डबी मात्र एका क्षणात जाते आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीला तिचे काहीच करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. डिस्क ब्रेकच्या बाबतीत मी थोडा वाद घातला, कारण चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, अशी गाडी डोंगरात न्यायची होती. त्यांनी नवे लायनर लावले, मास्टर सिलिंडरचे रबर किट बदलले, ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवे भरले आणि घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, एवढेच सांगितले.

सर्वांत उत्तम काम झाले ते कूलिंगचे. रेडिएटर खोलून त्याच्या नळ्यांत रॉड मारताना जो लाल गाळ निघाला, तो त्यांनी मुद्दाम पत्र्याच्या डब्यात माझ्यासाठी ठेवला होता. १०८९ सीसीचे हे इंजिन फार ताकदवान नाही, पण पाणी नीट फिरले तर दिवसभर साठच्या वेगाने कुरकुर न करता चालते. त्याच वेळी त्यांनी पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा पडदा, बदलला. आता पेट्रोल भरायच्या पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुने रबर त्यात फुगते, मऊ पडते, तडकते. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी जोडलेली जुनी नळी त्यांनी माझ्यासमोर बोटांनी वाकवली, तेव्हा तिच्या आतल्या थराचे काळे कण त्यांच्या तळहातावर पडले. धावत्या गाडीत ही नळी फुटली असती, तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले असते.

गाडी ताब्यात देण्यापूर्वी त्यांनी मला एक पूर्ण शनिवार गॅरेजमध्ये बसवले आणि पॉइंट माझ्याकडून बदलून घेतले. पॉइंटमधली फट मोजायचे फीलर गेज हरवले तर साधे व्हिजिटिंग कार्ड गॅपमध्ये घालून काम भागते, हे दाखवताना त्यांनी माझेच कार्ड वापरले. ते तेलकट कार्ड अजून गाडीच्या कप्प्यात आहे. डायफ्राम मी तीनदा चुकीचा बसवला. चौथ्या वेळी जमला, तेव्हा त्यांनी चहा मागवला. त्यानंतर कसारा घाट चढून इगतपुरीपर्यंतची चाचणी झाली आणि तापमानाचा काटा मधल्या खुणेपुढे सरकला नाही.

कागदपत्रांचे काम हे गॅरेज करत नाही. नेपाळसाठी कार्ने (गाडी तात्पुरती परदेशात नेण्यासाठीचा सीमाशुल्काचा दस्तऐवज) लागत नाही. सुनौलीच्या सीमेवर जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे भन्सार, म्हणजे नेपाळचे सीमाशुल्क, भरून परवाना मिळतो. विम्याच्या पॉलिसीत मात्र भौगोलिक क्षेत्र वाढवून घेण्याचे कलम आधीच जोडून घ्यावे. ज्यांना नेपाळ-भूतानपलीकडे कार्ने लागणाऱ्या देशांत जायचे आहे, त्यांना त्यासाठी मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे जावे लागेल.

एप्रिलमध्ये आम्ही निघालो. झाशीच्या पुढे भर दुपारी पेट्रोल नळीतच उकळून गाडी दोनदा बंद पडली. गाडीतल्या पंपावर ओले फडके ठेवून वीस मिनिटे थांबलो, गाडी सुरू झाली. बुटवलहून तानसेनकडे जाताना चढ सुरू झाल्यावर मेहुण्यांनी बोलणे बंद केले होते, पण पद्मिनीने दुसऱ्या गिअरमध्ये तो चढ बिनतक्रार काढला. उतरताना ब्रेकचा वाससुद्धा आला नाही. काठमांडू चौदाशे मीटर उंचीवर आहे, तेवढ्यासाठी कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे जेट बदलू नका, हा मिस्त्रींचा सल्लाही बरोबर ठरला.

आता तक्रार. या गॅरेजमध्ये वायरिंगचे काम बाहेरचा इलेक्ट्रिशियन करतो आणि ते निकृष्ट आहे. हेडलाइटसाठी बसवलेल्या रिलेची वायर त्याने पत्र्याच्या भोकातून रबरी बुश न लावता ओढली होती आणि तिला फ्यूजही नव्हता. कानपूरजवळ रात्री नऊ वाजता ती घासून शॉर्ट झाली, डॅशबोर्डामागून धूर आला आणि दोन्ही दिवे गेले. बॅटरीची तार वेळेवर काढता आली म्हणून गाडी वाचली. पुढचे चार तास एका ढाब्यावर गेले. ज्या मिस्त्रींनी नळीतले काळे कण दाखवले, त्यांनी ही वायर पाहू नये, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

दुसरी गोष्ट पैशांची आणि वेळेची. अंदाज ६५ हजारांचा होता, बिल ९१ हजारांचे झाले. वाढीव कामांतले प्रत्येक काम आवश्यक होते, पण त्यांपैकी एकासाठीही आधी फोन आला नाही. तीन आठवड्यांचे काम सात आठवडे चालले, तेव्हा निघण्याची तारीख ठरवण्यापूर्वी किमान दोन महिने हाताशी ठेवावेत आणि वायरिंग दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावे.

परतल्यावर मी जळालेली वायर पिशवीत घालून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, चूक मान्य केली आणि रिलेचे सगळे वायरिंग फ्यूज व बुश लावून फुकट नव्याने करून दिले. आठवड्यात देतो म्हणाले होते. तीन आठवडे लागले.