नेरूळच्या गॅलरीत बुटके टोमॅटो : एका हंगामानंतर

आमची गॅलरी जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी, वर कबुतरजाळी. तिथे नेहमीचा टोमॅटो लावला की वेल ग्रिलवर चढतो आणि फळं मोजकीच. म्हणून या वेळी फक्त बुटक्या जाती लावल्या: मायक्रो टॉम, टायनी टिम आणि जरा मोठ्या फळाची टास्मानियन चॉकलेट. दसऱ्याच्या सुमारास पेरणी केली, होळीपर्यंत रोपं ठेवली.

विकत घेण्याआधी एक फरक नीट समजून घ्या, कारण पाकिटांवर त्याचा गोंधळच असतो. झुडुपासारखा वाढणारा टोमॅटो म्हणजे बुटका टोमॅटो नव्हे. झुडुपी जातीची वाढ ठरावीक उंचीला थांबते, पण पेरं लांबच असतात. बुटक्या जातीचं पेरंच आखूड, खोड रोपट्याच्या मानाने जाड, पान गडद हिरवं आणि सुरकुतलेलं. तीन-चार खरी पानं फुटली की बोट फिरवून बघा, खरखरीत सुरकुत्या हाताला लागतात. ऑनलाइन मागवलेल्या एका पाकिटातली बरीच रोपं गुळगुळीत पानांची, उंचाडी निघाली. राग आला, पण ती तेव्हाच काढून टाकली आणि जागा वाचली.

मायक्रो टॉम ही जात 1989 साली फ्लोरिडा विद्यापीठातून आली, तीही मुख्यतः कुंडीतलं शोभेचं झाड म्हणून. चवीतही ते कळतं. झाड वीतभर, सहा इंची कुंडीत मावणारं, लाल फळांनी लगडलेलं. दिसायला फार गोड, पण साल जाड आणि चव बेताची. टायनी टिम त्याहून बरा, कोशिंबिरीत छान लागतो. खरी चव टास्मानियन चॉकलेटची: तांबूस-तपकिरी, गरदार, नुसतं मीठ लावून खावं असं फळ. मात्र त्याला वीस लिटरची बादली आणि काठीचा आधार लागतोच. बुटकं म्हटलं तरी हे झाड कमरेपर्यंत येतं.

आपल्याकडे सगळा खेळ हंगामाचा आहे. रात्री उकडत असेल तर फुलं येतात आणि देठापासून गळतात. रात्रीचा पारा विशीच्या आसपास उतरला की फळ धरतं, म्हणजे नवी मुंबईत साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. आमची गॅलरी दक्षिणेकडे आहे आणि याच महिन्यांत सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने ऊन वरच्या स्लॅबखालून थेट कुंड्यांवर येतं. एप्रिलमध्ये तो डोक्यावर आला की तीच गॅलरी सावलीत जाते. उत्तरेकडच्या गॅलरीत मी टोमॅटो लावायला सांगणार नाही.

जाळीमुळे मधमाश्या जवळपास येतच नाहीत. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, फक्त त्याला हलवावं लागतं. सकाळी दहा-अकराला, दव सुकल्यावर, घोसामागे बोटाने दोन-तीन टिचक्या मारायच्या. पिवळी भुकटी उडताना दिसते. मला सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

पांढरी माशी आली, येणारच. पिवळी चिकट कार्डं आणि पानांच्या खालच्या बाजूला कडुनिंबाचं तेल, एवढ्यावर भागलं. पानं आकसून वर वळलेलं रोप मात्र ठेवू नका. तो विषाणू पांढरी माशीच शेजारच्या रोपावर नेते. मोठ्या फळांचा तळ काळा पडला तर कीड शोधत बसू नका. पाणी कधी कमी, कधी जास्त झालं की फळाला कॅल्शियम पोचत नाही. रोज ठरल्या वेळी पाणी आणि मातीवर सुक्या पानांचा थर दिल्यावर पुढची फळं स्वच्छ आली.

भाजीचा खर्च यातून सुटत नाही, पण सकाळी तोडून थेट ताटात येणाऱ्या फळासाठी मी हे पुन्हा करणार. तिन्ही जाती संकरित नाहीत, त्यामुळे पिकलेल्या फळाचं बी धरता येतं: गर दोन-तीन दिवस आंबवा, धुवा, सावलीत सुकवा. पुढच्या वेळी टास्मानियन चॉकलेट गणपती झाले की लगेच पेरणार, कारण त्याला फळायला वेळ लागतो. लहान दोघांना दसराच बरा.